नऊशे त्रेपन्न खिडक्या आणि एक

“काय गं, काल रात्री साडेदहाला काय भाजत होतीस?”

सकाळी मोगऱ्याला पाणी घालता घालता मी कुंपणावरून विचारलं. चौकशी नव्हे, काळजी! वास केकचा नव्हता, पावाचा नव्हता, आणि पलीकडच्या घरात इतक्या रात्री पापड भाजायला कुणी उठत नाही, हे मला बत्तीस वर्षांच्या शेजारामुळे ठाऊक आहे.

“कानातले,” ती म्हणाली.

“कानातले काय?”

“भाजत होते, काकू. दोन जोड करपले.”

मी झारी खाली ठेवली. अशा बातमीला एक हात पुरत नाही.

आमचं कुंपण छातीपर्यंत उंच आहे. वर चपटी शहाबादी फरशी आहे. त्या फरशीवरून आजवर विरजण गेलंय, कढीपत्ता गेलाय, आणि अख्ख्या कॉलनीच्या बातम्या ये-जा करून गेल्यात. आधी पलीकडे हिच्या सासूबाई उभ्या असायच्या. त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि गादी सुनेकडे आली. सून हुशार आहे. नोकरी घरूनच करते आणि फिरते फार. त्यामुळे गेलं वर्षभर माझ्या कानावर सांगलीच्या बाहेरच्याही बातम्या येतात.

ती आतून एक पांढरी फरशी घेऊन आली. बाथरूमला लावतात तसली. तिच्यावर तपकिरी, फुगलेले चार तुकडे.

“ही कसली माती?”

“पॉलिमर क्ले. माती नाही.”

“क्ले म्हणजे मातीच ना? तीस वर्षं शाळेत घालवलीत मी.”

“नाव तेवढं मातीचं, काकू. आत असतं पीव्हीसी. मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घालतात, आणि रंग. शाडूसारखी ही हवेवर वाळत नाही. भाजली की पक्की होते.”

“पीव्हीसी? आपल्या टाकीच्या पाइपाचं?”

“त्याच घराण्यातलं.”

“म्हणजे चैत्रातल्या हळदीकुंकवाला आपण दोघी पाइप घालून मिरवायचं.”

ती हसली, पण लागलंही असावं. लगेच वकिली सुरू झाली. म्हणे जयपूरची ती प्रसिद्ध निळी भांडी असतात ना, त्यांत तरी कुंभाराची माती कुठे असते? गारगोटीची पूड, काचेची पूड, डिंक आणि थोडी मुलतानी माती. निळा रंग कोबाल्टचा, हिरवट निळा तांब्याचा. आणि जग त्यांना भांडीच म्हणतं.

“मुलतानी मातीत माती आहे की,” मी म्हटलं.

“थोडी हो, काकू!”

करपण्याचं कारण निघालं ते असं. या क्लेच्या पाकिटावर लिहिलेलं असतं: अमुक अंश, अर्धा तास. एका कंपनीचं ११० अंश, दुसरीचं १३०. हिने ओव्हनची खुंटी ११०वर ठेवली. पण लहान ओव्हनची खुंटी म्हणजे रिक्षावाल्याचं ‘पाच मिनिटांत पोचतो’. आत वेगळा थर्मामीटर ठेवला तेव्हा कळलं की आतलं तापमान कुठच्या कुठे पोचलंय. पीव्हीसी फार तापलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि घशाला झोंबतो. काल रात्री मला खोकला आला तो हाच. मी आपली उगीच आइस्क्रीमला दोष देत बसले होते.

“मग त्याच ओव्हनमध्ये उद्या ढोकळा करणार?”

“छे! तो ओव्हन आता फक्त क्लेचा. एकदा क्लेला लागलेली वस्तू परत स्वयंपाकाला घ्यायची नाही.”

“म्हणजे सोवळं-ओवळं पाळतेस तर.”

“पाळावंच लागतं.”

इथे तिने आवाज उतरवला आणि मागच्या दाराकडे पाहिलं. अशा वेळी मी आपोआप फरशीवर कोपर टेकवते.

“काकू, सासूबाईंनी तुम्हाला सोऱ्याबद्दल काही विचारलं का?”

विचारलं होतं. दोनदा. दिवाळीत चकलीला दिलेला सोऱ्या मी परत केला की नाही, असं. मी शपथेवर सांगितलं होतं की केला. आता कळलं, सोऱ्या गेला कुठे. क्लेच्या बारीक तारा पाडायला एक यंत्र मिळतं, पण ते यायला आठवडा लागणार होता. हिला तर गोव्याच्या रेलिंगची नक्षी त्याच रात्री करायची होती. पितळी सोऱ्या, शेवेची चकती, निळी क्ले. शेव सुंदर पडली म्हणे.

“मग धुऊन ठेव की जागेवर.”

“ठेवता येत नाही ना. ओवळा झाला तो.”

सासूबाईंना मी अजून काही बोललेले नाही. शेजारधर्म दोन्ही बाजूंनी असतो, आणि मधल्यामध्ये उभं राहणाऱ्याची पंचाईत होते, ती अशी.

या मातीच्या, म्हणजे माती नसलेल्या मातीच्या, मुळाशीसुद्धा घरातलंच प्रकरण आहे. जर्मनीत केटे क्रूझे नावाच्या बाहुल्या करणाऱ्या बाई होत्या. बाहुल्यांची डोकी करायला म्हणून हा पदार्थ त्यांच्याकडे आला. त्यांना काही तो जमेना. मुलगी मात्र त्यात रमली. मुलीचं लाडकं नाव फिफी. पुढे १९६४ मध्ये एका पेन्सिलीच्या कंपनीने तो पदार्थ घेतला आणि दोन वर्षांनी ‘फिमो’ म्हणून बाजारात आणला. त्यातला ‘फि’ तो फिफीचा.

“बघा काकू, आईने बाजूला टाकलेलं मुलीने उचललं.”

“आणि सासूने जपलेलं सुनेने पळवलं,” मी म्हटलं.

खरी गंमत पुढे आहे. हिचे कानातले साधे नसतात. प्रत्येक जोड म्हणजे एकेक प्रवास. पहिला होता जयपूरचा. तिने डबीतून काढून दाखवला आणि मी चष्मा पुसला. अख्खा हवामहल! गुलाबी, मजल्यावर मजले, वर कळससुद्धा.

“खऱ्या हवामहलाला ९५३ खिडक्या आहेत,” ती म्हणाली. “१७९९ साली बांधला. मी अकरा बसवल्या.”

“आणि कानाला किती ठिकाणी फाटलं?”

“घातले एकदा लग्नात. तासाभरात काढून पर्समध्ये टाकले. मला एकीने विचारलं, बिस्किटाचे आहेत का?”

कॉलनीच्या भिशीतून मात्र तसल्याच ऑर्डरी आल्या. एकीला ताजमहाल हवा, एकीला गेटवे, एकीला तिरुपतीचं गोपूर, तेही सोनेरी. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या वहिनींनी तर घेतलेल्या जोडाला चमक कमी म्हणून वर नेलपॉलिश फासलं. नेलपॉलिशने ही क्ले मऊ पडते आणि चिकट होते, कायमची. भाचीच्या साखरपुड्यात उजव्या कानातला नारायणपेठेच्या पदराला चिकटला. आता त्या म्हणतात, माल खराब. ही म्हणते, मी वार्निश वेगळं सांगितलं होतं. दोघी माझ्याकडे येऊन गेल्या. मी दोघींना चहा दिला.

“पण मला त्या हवामहलानेच शिकवलं,” ही म्हणाली. “इमारत कानात टांगायची नसते. तिथे डोळा कुठे अडकला होता, ते शोधायचं.”

“त्या खिडक्या कशाला होत्या, माहितीय ना?” मी विचारलं. “राजघराण्यातल्या बायकांना रस्ता दिसावा आणि रस्त्याला त्या दिसू नयेत म्हणून.”

“हो.”

“मग आपल्याला ९५३ कशाला? एक कुंपण पुरतं.”

दुसऱ्या जोडापासून ती सुधारली. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातून आत शिरलं की भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरश्यांची मोठी चित्रं आहेत. पोर्तुगीज त्यांना अझुलेजू म्हणतात. निळ्याशी त्या नावाचा काही संबंध नाही बरं का. ते अरबीतून आलंय, घासून गुळगुळीत केलेला दगड या अर्थाच्या शब्दावरून. चित्रं १९३५ची, जॉर्ज कोलासू यांची, कामोइश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातल्या प्रसंगांची. ही तिथे अर्धा तास उभी राहिली आणि तिने चित्रातलं एकही माणूस उचललं नाही. उचलला तो फक्त निळ्याचा उतार: गडद, मग फिकट, मग पांढऱ्यात विरून गेलेला. दोन इवल्या चौकोनी फरश्या, मधोमध एक आडवा हात फिरवल्यासारखा निळा फराटा. मला तो जोड पाहताक्षणी आवडला. तसं बोलले नाही. लगेच बोललं की किंमत वाढते.

“आणि हे पांढऱ्यात काळं काय?” मी विचारलं.

“ते तुमच्या मनीचे केस आहेत, काकू.”

पांढरी क्ले म्हणजे म्हणे चुंबक. धूळ, केस, गाऊनचा धागा, सगळं ओढून घेते. म्हणून आधी पांढरं करायचं, मग रंगीत, आणि दर रंगाला हात पुसायचे. बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून कॉर्नफ्लॉवर. भाजून झालं की पाण्यात बुडवून पॉलिश पेपरने घासायचं, चारशे नंबरपासून हजारापर्यंत, आणि शेवटी जुन्या जीन्सच्या तुकड्याने. इवल्याशा जोडाचे साडेतीनशे रुपये का, हे मला तेव्हा कळलं. भिशीला अजून कळायचंय.

तिसरा प्रवास कासचा. कास आपल्याच पदरातलं, साताऱ्याहून जेमतेम पंचवीस किलोमीटर. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशात गेला त्यात हेही. सप्टेंबरात ही नवऱ्याबरोबर गेली, तेरड्याची गुलाबी सतरंजी पाहून आली आणि चार दिवस कुंपणावर दुसरा विषय नव्हता.

“त्या रंगाचं काय करणार?” मी म्हटलं. “तेरड्याचा रंग तीन दिवस.”

“आणि माझा तीस मिनिटं भाजला की कायमचा!”

उतरता रंग करायची तिची युक्ती बघण्यासारखी आहे. गुलाबी आणि पांढरा असे दोन त्रिकोण तिरके जोडून चौकोन करायचा, घडी घालायची आणि लाटायचा. परत घडी, परत लाटायचं, घडी मात्र नेहमी त्याच दिशेने. वीसेक वेळा केलं की मधल्या सगळ्या छटा आपोआप उतरतात. ज्युडिथ स्किनर नावाच्या बाईंमुळे ही रीत पसरली, म्हणून तिला स्किनर ब्लेंड म्हणतात.

पण तिचं घोडं अडलं होतं दुसऱ्याच ठिकाणी. फुलाची नक्षी करायची तर या लोकांची पद्धत अशी: रंगीत पट्ट्या रचून मनगटाएवढी जाड वळी करायची, फूल आरपार जाईल अशी. मग ती सगळीकडून दाबत दाबत बोटाएवढी बारीक करायची. आतलं फूल तेच, फक्त लहान. मग पातळ चकत्या. प्रत्येक चकतीत तेच फूल. मूळ युक्ती काचवाल्यांची, व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर गाजलेली. आगीच्या भीतीने व्हेनिसने १२९१ साली काचेच्या भट्ट्या शहरातून त्या बेटावर हलवल्या.

“शहाणी माणसं,” मी म्हटलं. “तुझाही ओव्हन माझ्या बेडरूमच्या खिडकीखालून हलव.”

“हलवते. पण हे बघा ना, कापलं की फूल चपटं होतं. गोल राहतच नाही.”

मी वळी हातात घेतली. कोमट होती, तिच्या तळव्यासारखी.

“वळल्या वळल्या कापतेस?”

“हो.”

“अगं, हे चिरोटे आहेत! साटा लावून गुंडाळी केली की ती झाकून थोडी निवू द्यावी लागते. आणि अळूवडी? उकडलेला उंडा गरम असताना सुरी लावली तर पानं निसटतात की नाही? हातची ऊब जाऊ दे त्यातून. फ्रीजमध्ये ठेव अर्धा तास. आणि एकाच बाजूने दाबू नकोस. दर कापाला वळी थोडी फिरव.”

दुसऱ्या दिवशी फरशीवर बावीस गोल चकत्या. मला गुरू वगैरे म्हणाली. वळीची दोन टोकं वाकडी निघतात, ती तिने वाया न घालवता कालवून मणी केले. अळूवडीची टोकं आमच्याकडे मुलं पळवायची, त्यातलाच प्रकार.

इतकं सगळं जमलं आणि तरी तिने कासचा जोड अर्धाच सोडला. मी कारण विचारलं.

“सीतेची आसवं करायची होती, काकू. निळी-जांभळी, नाजूक. आठवेना, पाकळ्या कशा होत्या. फोटो काढले चारशे. चारशेंत मी आहे, हा आहे, माझी टोपी आहे. फूल म्हणून मागे निळा धुरळा.”

“इतकं नाव घेतेस त्यांचं, पाहिली नव्हतीस?”

“पाहिलं असं वाटत होतं. करायला बसले तेव्हा कळलं की फक्त बघितल्याचं नक्की केलं होतं.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि ती वनस्पती किडे खाते, तेही घरी येऊन वाचलं. ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात, त्यांत किडे अडकवते.”

“सीता?”

“सीता.”

आम्ही दोघी जरा वेळ गप्पच होतो. रामायणाचा या अंगाने विचार केला नव्हता.

मग तिनेच विचारलं, “काकू, तुम्ही कुठे गेला होता? फोटो दाखवा की.”

फोटो नाहीत. मी गोव्याला गेले ती १९८७ साली, गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षी. दिवाळीच्या सुट्टीत शाळेची सहल, नववीच्या मुली, एक लाल डबा, आणि चित्रकलेच्या सरांचा कॅमेरा. छत्तीस फोटोंचा रोल. सांगलीत येऊन धुवायला दिला तर कोरा. रोल आत अडकलाच नव्हता. सर चार दिवस नुसतं बटण दाबत होते. मी हळहळलेही नाही तेव्हा, कारण फोटोत मी मुलींची मोजदाद करतानाच आले असते.

“मग काहीच आठवत नाही?”

“एक खिडकी आठवते,” मी म्हटलं, आणि मलाच नवल वाटलं.

पणजीतलं जुनं घर. एका मुलीला ऊन लागलं म्हणून आम्ही पायरीवर टेकलो. आतल्या बाईंनी हाक मारून सगळ्यांना पाणी दिलं. खोलीत काळोख नव्हता आणि ऊनही नव्हतं. खिडकीला काच नव्हतीच. लाकडाच्या बारीक चौकटीत शिंपल्याची तावदानं होती. काच महाग होती त्या काळी म्हणून चपटे शिंपले घासून, चौकोनी कापून बसवायचे. बाहेरचं काही दिसत नाही, उजेड मात्र गाळून आत येतो. दुधासारखा.

ती ऐकता ऐकता नखाने फरशीवर चौकोन काढत होती.

“अर्धपारदर्शक क्ले मिळते,” ती म्हणाली. “पातळ लाटायची आणि भाजल्या भाजल्या बर्फाच्या पाण्यात टाकायची, म्हणजे उजेड आणखी आत शिरतो. थोडी हळद घालू का पिवळटपणाला?”

“सांगलीत राहून हळद शिकवतेस मला? हळदीचा रंग उन्हात उडतो. तुझ्या तेरड्याच्या आधी जाईल.”

मग तुकडे ओव्हनमध्ये ठेवल्याचा निरोप मला देण्यात ती जरा जास्तच वेळ कुंपणाशी रमली असावी. कारण संध्याकाळी चेहरा पाडून आली.

“बिघडलं, काकू. तुकडे आत ठेवले आणि तुमच्याशी बोलायला आले. वर फॉइल झाकायची राहिली. पारदर्शक क्ले लगेच रंग धरते. पिवळी पडली.”

तिने फरशी सरकवली. दोन खिडक्या, नखाएवढ्या. तपकिरी चौकट, तीन ओळी, ओळीत तीन तावदानं. मी त्यातली एक मावळतीकडे धरली.

“पांढरं होतं असं कुणी सांगितलं तुला?”

“तुम्ही दुधासारखं म्हणालात.”

“तापलेलं दूध, अगं. साय धरलेलं. हाच तो रंग.”

ती काही बोलली नाही. मीही नाही. मनी फरशीवर चढली, तिला मी खाली ढकललं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, “पण मधल्या ओळीतलं उजवीकडचं नव्हतं.”

“काय नव्हतं?”

“शिंपला. फुटला होता तो. त्यांनी तिथे पुठ्ठा लावला होता. खाकी, बुटाच्या खोक्याचा असावा.”

इतकी वर्षं हे कुठे होतं, मला माहीत नाही. कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. ती छोटी चौकट समोर धरली आणि तिथे उजेड जास्त वाटला.

तिने सुई आणली, ते तावदान अलगद उचकटलं आणि खाकी क्लेचा चौकोन बसवला. क्ले पुन्हा भाजता येते, तेवढं बरं आहे तिचं.

“दुसऱ्यातही करू?”

“नको. खिडकी एकच होती.”

परवाच्या भिशीला घालून गेले. जड नाहीत. कुणाला पाइप वाटले नाहीत, बिस्किटंही नाहीत. कोपऱ्यावरच्या वहिनी मात्र जवळ आल्या, वाकून पाहिलं आणि समाधानाने म्हणाल्या, “बघा, तुमच्याही कानातल्यातली एक काच पडली. सांगत नव्हते, माल खराब!”

“ती आत्ता नाही पडली हो,” मी म्हटलं. “१९८७ सालीच पडलीय.”